द्वारकाबाईंचा घास

"पण बुवा, गिळता येत असताना ही बाई गिळत का नाही?"

ऋत्विजचा आवाज चढला होता. रुग्णांकडून गिळण्याचे व्यायाम करून घेण्याचं शिक्षण पुरं करून तो नदीकाठच्या वृद्धसेवाश्रमात भास्करबुवांच्या हाताखाली आला होता. तिघाचौघांची नाकातून अन्न द्यायची नळी त्यानं सोडवलीही होती, त्यामुळे स्वारी जरा हवेतच होती. पण या द्वारकाबाईंनी त्याला पार जेरीस आणलं होतं.

तपासण्या सगळ्या नीट आल्या होत्या. आजारपणात घातलेली नळी आता नुसती राहून गेली होती. पण चमचा ओठांशी नेला की बाई तोंड घट्ट मिटायच्या. असंच चाललं तर उद्या डॉक्टर पोटाला भोक पाडून कायमची नळी बसवणार होते.

"सगळं करून पाहिलं हो! गोंजारलं, विनवलं, रागावलोसुद्धा..."

"तू जेवलास का?" बुवांनी विचारलं.

"माझ्या जेवणाचं काय घेऊन बसलात, बुवा? सकाळपासून नुसत्या चहावर आहे मी."

बुवांनी द्वारकाबाईंना उशीला टेकवून ताठ बसवलं, त्यांचे हात धुतले, आणि गुरगुट्या भाताची वाटी त्यांच्याच मांडीवर ठेवली. तूप-मेतकूट घातलेला ऊन ऊन भात होता.

"द्वारकाबाई, हा पोरगा सकाळपासून उपाशी आहे हो."

...

बाईंनी ऋत्विजकडे पाहिलं. मग बोटं भातात गेली. थोडासा भात कालवून त्यांनी घास त्याच्या तोंडाशी नेला.

"अहो बुवा, हे काय भलतंच..." तो मागे सरकला.

"बस खाली."

तो बसला. कान लाजेनं लाल झाले होते. त्यानं तोंड उघडलं, आणि समोर द्वारकाबाईंचंही उघडलं, लेकराला भरवताना आईचं उघडतं तसं. घास त्याच्या तोंडात गेला. बोटांना चिकटलेली शितं वाया कशी घालवायची? बाईंनी ती चाटून घेतली.

बाईंचा गळा हलला. ठसका लागला नाही.

ऋत्विजच्या डोळ्यांत पाणीच आलं. "गिळलं, बुवा, गिळलं! द्या तो चमचा इकडे. आता मी भरवतो त्यांना!"

बुवांनी चमचा उचलून लांब ठेवला.

"अरे, तोंड उघड. त्यांचं पोट भरायचंय अजून."