काट्याला न कळलेली सहा बोटे

एकदा एका कापसाच्या व्यापाऱ्याने भाकरी सोडली. रागाने नव्हे, व्रत म्हणूनही नव्हे. एका अंगरख्यासाठी सोडली.

तो अंगरखा त्याच्या पत्नीने शिवलेला होता. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी, स्वतःच्या हाताने, आणि टाका इतका बारीक की गावच्या शिंप्यानेही मान डोलवावी. त्या काळी व्यापारी अगदी सडपातळ होता. किती सडपातळ, हेही गावाला नेमके ठाऊक होते. कारण त्याच वर्षी तो मोठ्या तापातून वाचला आणि आईने नवस फेडण्यासाठी देवीच्या देवळात त्याची गूळतुला केली. एका पारड्यात हा, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा. दीड मण गूळ लागला. पुढे धंदा वाढला, घर वाढले, आणि मालकही वाढत गेला. अंगरखा पेटीत गेला. आठ वर्षांपूर्वी पत्नी वारली, तेव्हापासून त्या पेटीला त्याच्यावाचून कोणी हात लावला नव्हता.

आता मुलीचे, सगुणाचे, लग्न ठरले होते. पत्नी हयात नसलेल्या बापाने कन्यादानाला बसू नये, असा त्या घराचा रिवाज. ते धाकटा भाऊ आणि भावजय करणार होते. बापाने मागे उभे राहायचे. व्यापाऱ्याने त्यावर वाद घातला नाही. मनाशी एवढेच धरले, की उभा राहीन तो तिने शिवलेल्या अंगरख्यात. ती मांडवात नसेल, पण तिचे हात तरी अंगावर असतील.

त्याने पेटी उघडून अंगरखा घातला. पोटावरचे बंद बांधायला गेला, तर दोन्ही टोकांत तीन बोटांचे अंतर राहिले. त्याने शिंप्याला बोलावले.

शिंप्याने शिवण उलटून पाहिली. "शेठजी, वहिनींनी आत भरपूर कापड सोडलंय. बाजू उसवतो आणि सैल करून देतो. तासाभराचं काम आहे."

"तिचा टाका उसवायचा नाही."

"अहो, पण मग..."

"नाही म्हटलं ना."

तेव्हा एकच वाट उरली. अंगरखा माणसाएवढा होणार नसेल, तर माणसाने अंगरख्याएवढे व्हायचे. लग्नाला तीन महिने होते.

गावाबाहेर टेकडीच्या पायथ्याशी एक वृद्ध वैद्य राहत असत. त्यांच्यापाशी एक शिष्य होता; तिशी ओलांडलेला, शाळेतली मास्तरकी सोडून आलेला, आणि कारण कळल्याशिवाय कोणतीही गोष्ट न मानणारा. असे शिष्य गुरूला फार दमवतात, पण गुरूंना तेच आवडतात असा माझा अनुभव आहे.

वैद्यांनी व्यापाऱ्याची नाडी पाहिली, जीभ पाहिली, झोपेची चौकशी केली आणि मग म्हणाले, "हा आहार सगळ्यांना मानवत नाही. तुमची प्रकृती पाहून सांगतो आहे. ज्वारी, तांदूळ, गहू बंद. गूळ, साखर, गोड फळं, कंदमुळं बंद. तूप, लोणी, खोबरं, तीळ, सायीचं दही, चक्का आणि पालेभाज्या पोटभर खा."

"तूप पोटभर?" व्यापाऱ्याला वाटले म्हाताऱ्याची बुद्धी ढळली.

"पोटभर. आणि रोज सकाळी इथे चालत यायचं. माझ्या बागेला विहिरीचं पाणी लागतं. पन्नास पोहरे ओढायचे."

शिष्याने मान खाली घालून हसू लपवले. बागेला पाणी आजवर तोच घालत होता.

मग वैद्यांनी एक चमत्कारिक गोष्ट केली. काळा दोरा घेतला, व्यापाऱ्याच्या कमरेचा जुना करदोटा सोडवला आणि तो नवा दोरा बेंबीवरून घेऊन अंगाला टेकेल असा बांधला. टोके कातरली. त्यानंतर त्या वेढ्याएवढाच दुसरा दोरा मोजून कापला, डबीत घातला आणि डबी फडताळात ठेवून दिली.

व्यापारी गेल्यावर शिष्याने विचारले, "गुरुजी, करदोटा बांधलात, समजलं. तो दुसरा दोरा कशाला?"

"राहू दे. कधी लागला तर असावा."

शिष्याला हे उत्तर मुळीच पटले नाही.

व्यापारी शब्दाचा पक्का निघाला. घरी ज्वारीची गरम भाकरी तव्यावरून उतरायची, आणि हा ताटात मेथीची भाजी आणि तुपाची वाटी घेऊन बसायचा. वास आला की डोळ्यांत पाणी यायचे. सगुणा म्हणायची, "आबा, अर्धी तरी खा." तो मान हलवायचा. रोज पन्नास पोहरे ओढायचा. पहिल्या आठवड्यात हाताला फोड आले, महिन्याने घट्टे पडले, आणि पुढे पुढे तो साठ पोहरे ओढून मग विचारायचा, किती झाले?

पण त्याची एक सवय सुटण्यासारखी नव्हती. ज्याचे सारे आयुष्य तराजूसमोर गेले, तो दुसऱ्या कशावर विश्वास ठेवणार? वखारीत कापूस तोलायचा मोठा काटा होता. रोज सकाळी व्यापारी त्याच्या पारड्यात बसायचा आणि हमाल समोर वजने ठेवायचे. पहिल्या दिवशी अडीच मण भरले. आठवड्याने दोन शेर उतरले, पुढच्या आठवड्यात परत आले, आणि त्यानंतर काटा जो अडीच मणावर रुतून बसला, तो हलायचे नाव घेईना. महिना झाला, दोन झाले. अडीच मण. वजने बदलून पाहिली, काट्याची दोरी बदलून पाहिली. अडीच मण. हमालांनी त्याच्याकडे पाहायचे टाळायला सुरुवात केली.

लग्नाला पंधरा दिवस राहिले, आणि एका सकाळी व्यापारी विहिरीकडे न जाता सरळ ओसरीवर आला. चेहरा उतरलेला होता.

"वैद्यबुवा, रामराम घ्या. आजपासून मी येणार नाही."

"काय झालं?"

"काय व्हायचंय? अडीच महिने जिभेवर अन्याय केला. काटा तसूभर हलला नाही. घरी आज बुंदी पाडायला घेतलीय, मी जेवणार आहे. आणि शिंप्याला संध्याकाळी बोलावलंय." तो जायला वळला. "उसव म्हणून सांगतो त्याला. दुसरं काय करू?"

"अंगरखा घालून पाहिलात?"

"नाही."

"का?"

"काटा दीड मणावर आल्याशिवाय पेटी उघडायची नाही असं ठरवलं होतं. तिनं शिवला तेव्हा मी दीड मणाचा होतो. देवीसमोर तोललेला." मग हळू म्हणाला, "आणि खरं सांगू का, भीती वाटते. एकदा घातला आणि बसला नाही, तेव्हा जे वाटलं ते पुन्हा नको वाटतं."

वैद्य उठले. "करदोटा दाखवा."

"त्याचं तर नावच काढू नका. दोरा भिकार निघाला तुमचा. सारखा ढिला होऊन घसरतो. चार वेळा नव्यानं गाठ मारली."

त्याने सदरा वर केला. शिष्य पुढे झाला आणि पाहतच राहिला. करदोटा अंगाला घट्ट होता, पण गाठीपुढे दोऱ्याचे लांब टोक लोंबत होते, आणि त्यावर आधीच्या गाठींच्या खुणा उमटलेल्या होत्या. अडीच महिने तो दररोज वजनाकडे पाहत होता, आणि ज्या टोकात उत्तर होते ते धोतरात खोचून टाकत होता.

वैद्यांनी फडताळातली डबी काढली. त्यातला दोरा व्यापाऱ्याच्या कमरेभोवती धरला. दोरा सैल पडला. जास्तीच्या भागावर त्यांनी व्यापाऱ्याची बोटे ठेववली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

"दोरा ताणला गेला असेल," व्यापारी पुटपुटला.

"हा डबीतच होता. त्याला कोण ताणणार?" वैद्य खाली बसले. "शेठजी, तुमच्या वखारीत सुटा कापूस येतो तेव्हा किती जागा घेतो?"

"खोली भरते."

"आणि दाबून गाठ बांधली की?"

"कोपऱ्यात मावते."

"वजन?"

व्यापाऱ्याने उत्तर द्यायला तोंड उघडले आणि तसाच थांबला. मग म्हणाला, "तेवढंच."

"तुमच्या देहाचं थोडंफार तसंच झालं. मेद उतरला, तो सैल असतो, जागा फार अडवतो. पोहरे ओढून ओढून दंड, पाठ आणि खांदे भरले. ते मांस आटोपशीर असतं. जेवढं गेलं जवळजवळ तेवढंच आलं, म्हणून काट्याला काही कळलं नाही. काटा खोटं बोललेला नाही. तुम्ही त्याला भार विचारलात, त्यानं भार सांगितला. तुम्हाला विचारायचं होतं अंगरख्याला, आणि ती पेटी तुम्ही बंद ठेवलीत."

व्यापारी दोऱ्याकडे पाहत राहिला.

वैद्यांचा स्वर मऊ झाला. "आणि ते दीड मण आता सोडा. तो तापातून उठलेला पोरगा होता, हाडांचा सापळा. तुम्ही अडीच महिने कोणाची वाट पाहत होता? तिची, की त्या पोराची?"

या प्रश्नावर व्यापारी रडला. मोठा माणूस, पंचक्रोशीत दबदबा असलेला. ओसरीच्या खांबाला टेकून लहान मुलासारखा रडला. "मला वाटलं," तो म्हणाला, "तेवढा झालो तर ती मला ओळखेल."

शिष्याने तांब्यातून पाणी आणून दिले.

त्या संध्याकाळी शिंपी आला तो रिकाम्या हाताने परत गेला. व्यापाऱ्याने दार लावून पेटी उघडली आणि अंगरखा घातला. पोटावरचे बंद जुळले, आणि गाठ मारून वर दोन बोटे उरली.

लग्नाला वैद्य स्वतः गेले नाहीत. वय झाले होते. त्यांनी शिष्याला पाठवले. शिष्य परत आला तेव्हा दिवस कलला होता. त्याने सारे सविस्तर सांगितले.

मांडवात व्यापारी भावाच्या मागे उभा होता. अंगरखा पोटावर मोकळा होता, फक्त खांद्यांवर ताणलेला. तो हात जपून हलवत होता, आणि अक्षतासुद्धा कोपर अंगाशी धरून टाकत होता. पाठवणीच्या वेळी सगुणा त्याच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "आबा, आईच्या पेटीचा वास येतोय." तेव्हा मात्र त्याने भान सोडून तिला दोन्ही हातांनी कवटाळले. काखेपाशी टर्रकन आवाज झाला. चार बोटे शिवण उसवली.

"सगळ्यांच्या माना वळल्या, गुरुजी. शेठजी तर पांढरेफटक पडले. ज्या टाक्याला आयुष्यभर कोणाला हात लावू दिला नाही, तो स्वतःच्याच हातून सुटला. मला वाटलं, आता हा माणूस खाली बसणार."

"मग?"

"सगुणाबाईंनी सुईदोरा मागवला. बैलगाडी दारात उभी, वऱ्हाड ताटकळलेलं. काकू म्हणाली, अंगावरचं शिवू नये गं, आधी काढायला सांग. तर सगुणाबाई म्हणाल्या, आबा तो काढायचे नाहीत. आणि शालू सावरत तिथेच शिवायला लागल्या. मी जवळून पाहिलं. तोच बारीक टाका. दहा वर्षांची असताना आईनं शिकवला होता म्हणे. कुठे जुनी शिवण संपते आणि कुठे नवी सुरू होते, सांगता येणार नाही. शेठजी हात वर धरून उभे होते, आणि तिच्या बोटांकडे बघत होते. मी त्यांना इतकं निवांत कधी पाहिलं नव्हतं."

वैद्यांनी दिव्याची वात सारखी केली.

शिष्याला मात्र एक प्रश्न टोचत होता. "गुरुजी, खांदे भरलेत हे तुम्हाला दिसत होतं. टाका सुटेल हे ठाऊक होतं का?"

"अंदाज होता."

"मग बजावून का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर त्यानं शिवण सांभाळली असती आणि मुलीला जवळ घेतलं नसतं."

शिष्याने यावर कारण विचारले नाही. त्याने फडताळातली डबी काढली, दोरा एकदा बोटांवर गुंडाळून पाहिला आणि परत ठेवला. मग पोहरा उचलून तो विहिरीकडे गेला, कारण बागेला पाणी घालायचे राहिले होते.