ठकूबाईचा मोकळा दगड

या माळाला शंभरपानी म्हणतात. जपून चढा पाहुणे, मुरूम सुटतो. अगदी वर तो एकटा ओटा दिसतो ना, तिथून खाली मोजत या. त्याच्या खाली नऊ रुंद दगड आहेत, आणि पायथ्याशी खांद्याला खांदा लागेल असे नव्वद लहान दगड. हे सगळे बसायचे दगड. वाटेकडचा शेवटचा तेवढा मोकळा ठेवतात. त्यावर बसू नका, बाकी कुठेही टेका.

वरच्या देवीची पूजा आम्हा गुरवांकडे आहे, म्हणून ही गोष्ट सांगायचं कामही आमच्याकडेच आलं. शिवाय गोष्टीतली मोठी चूक आमच्याच पूर्वजाची, म्हणे. ती दुसऱ्याने तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा आम्हीच सांगितलेली बरी.

फार पूर्वी गावात शंभर चुली होत्या. निम्मं शिवार एकट्या सुभानजीचं होतं. उरलेल्यातलं बरंचसं नऊ घरांकडे, आणि राहिलेल्या तुकड्यांवर नव्वद घरं कशीबशी जगत. सुभानजी दुष्ट नव्हता, असंच सांगतात. बापाकडून आलं आणि वाढत गेलं, एवढंच. बायको लवकर वारली, पोटी मूल नव्हतं. माणसं कामासाठी त्याच्या अंगणात येत, उभ्या उभ्या बोलत आणि जात. लग्नकार्याची अक्षत त्याच्याकडे पोचायची, पण 'जेवून जा' असं कोणी म्हणायचं नाही. एवढ्या मोठ्या माणसाला आपल्या घरची पातळ आमटी कशी वाढायची, असा प्रत्येकाला संकोच. अकरा वर्षं तो कोणाच्या पंगतीला बसला नव्हता. घरी जेवताना तो म्हणे दोन पाट मांडायचा आणि दुसऱ्याकडे बघत जेवायचा.

मग दोन वर्षं पाऊस आला नाही. गावाने देवीला नवस बोलला की पीक आलं तर दरवर्षी माघात शंभर घरं तुझ्या माळावर एका पंगतीला बसतील. तिसऱ्या वर्षी ज्वारी आली. नवस सगळ्यांचा होता, पण दिवस मोजत होता तो सुभानजीच.

आमच्या पूर्वजाला न्यायाची फार हौस. कोणी कोणाचं खाऊ नये, असं त्याचं म्हणणं. म्हणून त्याने ठरवलं की ज्याच्या खळ्यावर जशी रास, तसं त्याने पीठ द्यावं, आणि जसं पीठ, तशा भाकरी त्याच्या पानात पडाव्यात. बसायचे दगडही त्याच हिशेबाने लावले. शंभर भाकरी झाल्या. सुभानजीच्या पत्रावळीवर पन्नासांची चळत लागली. नऊ जणांपुढे चार-चार आल्या. उरल्या चौदा, त्या नव्वद घरांत. सहा-सात जणांत एक भाकरी मोडली गेली. दळताना, थापताना हे कोणाच्या लक्षात आलं नाही. पानं वाढल्यावर मात्र सगळ्यांना दिसलं.

सुभानजीच्या मनात वेगळंच होतं, म्हणतात. आपली चळत उचलायची आणि स्वतःच्या हाताने सगळ्यांना वाढत फिरायचं. तेवढ्यात गुरवाने सांगितलं, "पहिला घास मानाचा, सुभानजी. तुमीच घ्या." सवयीने त्याने तुकडा मोडून तोंडात टाकला आणि चळत घेऊन उठला.

गुरव म्हणाला, "आता न्हाई वाढता यायचं. पान उष्टं झालं."

गावाने माना खाली घातल्या. उपाशी होते, पण कोणाचं उष्टं खाणारे नव्हते. आणि पंगतीत शेवटचं पान उरकेपर्यंत उठायचं नसतं, हे तुम्हाला सांगायला नको. खालच्यांचं जेवण एका घासात झालं. सगळे वर बघत बसले. पन्नास भाकरी एका माणसाने कशा संपवायच्या? तो चळत पुन्हा पानावर ठेवून बसला. ऊन कललं. आधी एक बाई उठली, तिचं तान्हं घरी होतं. मग दुसरी. मग सगळी पंगत उठली. आपल्या गावात पंगत मोडली ती तेवढी एकदाच.

वाटेकडच्या दगडावर ठकूबाई राहिली. जमिनीच्या तुकड्यावर भागेना म्हणून मोळ्या विकणारी म्हातारी, मागेपुढे कोणी नाही. ती काठी टेकत चढ चढून वर आली.

"सरक," ती म्हणाली. "उष्टं आईला चालतंय. तुझी आई असती तर तिनं खाल्लंच असतं की."

तिने त्याच्या पानातली एक भाकरी खाल्ली. मग त्याने एक खाल्ली. पोटच तेवढं होतं दोघांचं. अठ्ठेचाळीस उरल्या, त्या गुरांपुढे गेल्या.

पुढच्या पंगतीच्या आधीच ठकूबाई गेली. सुभानजीने तिला खांदा दिला. त्या वर्षी त्याने पानाला हात लावला नाही. आधी चळत घेऊन खाली उतरला, वाटेकडून सुरुवात करून एकोणपन्नास भाकरी वाटल्या. मग ठकूबाईच्या दगडापाशी थांबून म्हणाला, "गुरव, मी हितंच बसू का?"

आमचा पूर्वज म्हणाला, "बसा की. पर ह्यो दगड तिच्या तुकड्याएवढ्या जमिनीचा हाय. बाकीची सोडावी लागंल."

सगळं गाव बघत होतं. भाकरी सोडणं सोपं गेलं होतं. जमीन त्याला सोडवेना. मग तो एकटाच चढ चढून वर जाऊन बसला. मला त्याचा राग येतो, आणि कीवही येते. नवसाच्या तयारीला मी त्या ओट्यावर बसून पाहिलंय. तिथून खालच्यांचे ओठ हलताना दिसतात, बोलणं ऐकू येत नाही.

जमीन पुढे पुतण्याकडे गेली, आणि अजून त्याच घराकडे आहे. माघात पंगतीला त्यांच्यातला कोणीतरी शहरातून गाडी घेऊन येतो. आजही वरच्या ओट्यावरचा माणूस पहिला घास घेत नाही. तो खाली उतरतो, सगळ्यांना वाढतो, मोकळ्या दगडापाशी येऊन थांबतो. तेव्हा पंगत जेवायची थांबते. दरवर्षी वाटतं, हा बसेल. मग तो वर जातो, आणि त्याची एक भाकरी संपेपर्यंत खालचं कोणी उठत नाही.