गुरुजींना उचलण्याचा पाठ

ही खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याच्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही. त्या राजाने गावोगावच्या शाळांना एक पोथी नेमून दिली होती. तिच्यात बारा पाठ होते. जड वस्तू कशी उचलावी, वजन कसं तोलावं, लाकूड का तरंगतं, सावली का लांबते, हे सगळं त्या बारा पाठांत आलेलं होतं. पेरणीला पोथी उघडायची, आणि सुगी संपली की राजाचा परीक्षक येऊन मुलांना बाराही पाठांवर प्रश्न विचारायचा.

नदीकाठच्या एका गावात एक म्हातारे गुरुजी होते. विद्या मोठी, पण जीव धाकधुकीचा. शिकवून झालं की त्यांना वाटे, मुलांना समजलं असेल ना? की नुसत्याच माना डोलावल्या?

म्हणून त्यांनी शाळेत एक रीत पाडली होती. पहिला पाठ तरफेचा. अंगणात एका दगडावर लांब फळी आडवी टाकलेली असे. फळीच्या आखूड बाजूला गुरुजी स्वतः मांडी घालून बसत आणि लांब बाजू मुलांनी एकेकट्याने दाबायची. गुरुजी वर गेले, की त्या मुलाला पाठ आला. शेवटचं मूल न सांगता, आपलं आपण गुरुजींना उचलत नाही, तोवर दुसरा पाठ उघडायचा नाही.

मुलांना मोठी गंमत वाटे. "गुरुजी, उद्या तरी पोळ्या बेताने खाऊन या हं," एखादा म्हणे.

"तू फळी दाब, माझ्या पोळ्या मोजू नकोस," गुरुजी फळीवरूनच उत्तर देत.

त्या वर्षी कुंभाराची लेक शाळेत सगळ्यांत लहान होती. ती नेहमी दगडाला खेटूनच फळी दाबायची. दाबून दाबून लाल व्हायची, आणि गुरुजी तिथेच. "टोकाला जा, बाळ," असं सांगितलं की जायची; दुसऱ्या दिवशी पुन्हा दगडापाशी. टोकाला का जायचं, ते तिला उमगलंच नव्हतं. गुरुजी हळहळत आणि सगळ्या वर्गाला पाठ पुन्हा पहिल्यापासून सांगत. बाकीची मुलं जांभया देत.

बघता बघता सुगी आली. परीक्षकाने नदीच्या दोन्ही काठांवरच्या शाळा घाटावर एकत्र बोलावल्या. त्याने आधी एक मोठा धोंडा दाखवला. गुरुजींच्या मुलांनी पहार लावून तो हसत हसत उलटवला. गुरुजींची छाती भरून आली. मग परीक्षकाने एका पारड्याचा, दांडीवर वजन सरकवायचा तराजू पुढे ठेवला आणि तोलून दाखवायला सांगितलं.

एक मुलगा म्हणाला, "महाराज, हे अजून आमच्यात आलेलं नाही."

"हा तर सहावा पाठ. तुमचे झाले तरी किती?"

"एकच. पण तो चार वेळा झाला!"

सगळा घाट हसला. गुरुजींनी मान खाली घातली. पलीकडच्या काठावरची निम्म्याहून अधिक मुलं परीक्षेतून पार झाली. इकडचं एकही झालं नाही. जाताना परीक्षक म्हणाला, "गुरुजी, पुढच्या वर्षीही निम्मी मुलं पार झाली नाहीत, तर ही शाळा बंद करावी लागेल. मुलांनी मग पलीकडे जावं."

पलीकडे जायचं म्हणजे रोज नावेने. लहान मुलांना कोण धाडणार? ती घरीच बसतील, हे गुरुजींना पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी ते नावेत बसून पलीकडच्या शाळेतल्या बाईंना भेटायला गेले. बाई त्यांच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी लगबगीने पाट मांडला.

"बाई, मी विचारायला आलोय. मुलांना समजलं, हे तुम्हाला कसं कळतं?"

"कळत नाही हो, गुरुजी," बाई म्हणाल्या. "काल तुमच्या मुलांनी धोंडा उलटवला आणि माझी नुसता नियम म्हणत उभी राहिली. मलाच लाज वाटली. रोज घरी जाताना वाटतं, आज काहीच पोचलं नाही. तरी सकाळी पुढचं पान उघडते. जे पान उघडलंच नाही, त्यातलं मुलांना कुठून यायचं?"

गुरुजी परत नावेत बसले. आपण मुलांसाठी थांबतो असं त्यांना इतकी वर्षं वाटत होतं. खरं तर आपण आपल्याच भीतीपायी थांबत होतो, असं त्यांना आज पहिल्यांदा वाटलं.

नव्या पेरणीला पोथी पुन्हा उघडली. फळीवर पंधरा दिवस गेले. कुंभाराच्या लेकीने आपलं आपण गुरुजींना अजूनही उचललं नव्हतं. तरी गुरुजींनी दुसरा पाठ उघडला. मग तिसरा, चौथा. रोज त्यांना चुकल्यासारखं वाटे, आणि रोज ते पुढे जात.

सहाव्या पाठाला त्यांनी तराजू टांगला. पारड्यात भोपळा ठेवला आणि दांडीवरचं चिमुकलं वजन हळूहळू टोकाकडे सरकवलं. वजन दूर गेलं आणि एवढा थोरला भोपळा अलगद वर उचलला गेला.

कुंभाराची लेक ताडकन उभी राहिली. "गुरुजी, हे वजन म्हणजे मी! आणि हा भोपळा म्हणजे तुम्ही!"

वर्गात हशा पिकला. तिचं कुणाकडे लक्षच नव्हतं. "चला, लवकर बसा फळीवर!" म्हणत तिने गुरुजींना हाताला धरून अंगणात नेलं. ती न सांगता थेट फळीच्या टोकाला गेली आणि तिने दोन बोटांनी फळी दाबली. गुरुजी वर गेले. खाली यायला ते तयारच होईनात.

सुगी संपली, परीक्षक आला. अठरा मुलांपैकी अकरा पार झाली. उरलेल्या सात जणांची रुखरुख गुरुजींना लागलीच. पण शाळा राहिली.

परीक्षक म्हणाला, "गुरुजी, बारावा पाठ घाईत झालेला दिसतो."

"घाईतच झाला, महाराज," गुरुजी म्हणाले, "पण झाला."

तात्पर्य: मागचा धडा पक्का होईना म्हणून पुढचा अडवून धरू नये, न शिकवलेलं कुणाला येत नाही, आणि अडलेलं पुष्कळदा पुढे गेल्यावरच उमगतं.