चिंगूळची चिमूटभर राख

एक होतं गांडूळ. इवलंसं, गुलाबी. नाव त्याचं चिंगूळ. ते राहायचं परसात, वांग्याच्या रोपाखाली.

चिंगूळला चहाचा चोथा फार आवडायचा. सगुणाकाकू रोज परसात चोथा टाकायच्या. चिंगूळ थोडा खायचं, बाकीचा रोपाला भरवायचं. सकाळी चोथा. दुपारी चोथा. संध्याकाळी पुन्हा चोथा. आपल्याला आवडतो, म्हणजे रोपालाही आवडणारच, असं त्याला वाटायचं. रोपाला त्याने एकदाही विचारलं नाही.

रोप वाढलं. पानं झाली ही मोठी मोठी. हिरवीगार. फूल मात्र आलं एकच. जांभळं, नाजूक.

आणि एके दिवशी, टप्. फूल गळलं.

चिंगूळ घाबरलं. "अजून चोथा देऊ?"

"नको," रोप म्हणालं.

"मग शेण देऊ?"

"नको रे. पानांचं पोट भरलंय. फुलाला राख हवी. चिमूटभर."

चिंगूळला फार वाईट वाटलं. आधी विचारलं असतं तर! पण आता काय? ते निघालं. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

वाटेत भेटली चूल.

"चुलीबाई, चुलीबाई, राख दे. राख माझ्या रोपाला. रोपाचं फूल गळलं. माझं चुकलं."

चूल म्हणाली, "राख गेली भांडी घासायला. आधी काटकी आण, मग राख देईन."

चिंगूळ निघालं. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

वाटेत भेटला शेवगा.

"शेवगेदादा, शेवगेदादा, काटकी दे. काटकी चुलीला. राख माझ्या रोपाला. रोपाचं फूल गळलं. माझं चुकलं."

शेवगा म्हणाला, "वाळकी काटकी आहे पार वर. आधी खारीची उडी आण, मग काटकी देईन."

चिंगूळ निघालं. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

वाटेत भेटली खार.

"खारूताई, खारूताई, उडी दे. उडी शेवग्याला. काटकी चुलीला. राख माझ्या रोपाला. रोपाचं फूल गळलं. माझं चुकलं."

खार म्हणाली, "पोटात नाही दाणा, उडी कशी मारू? आधी शेंगदाणा आण, मग उडी देईन."

चिंगूळ निघालं. आता ते दमलं होतं. सुळुक... सुळुक... सुळुक...

ओट्यावर बसल्या होत्या सगुणाकाकू. पुढ्यात भुईमुगाच्या शेंगा. मांडीवर त्यांची छोटी ठकू.

"काकू, काकू, शेंगदाणा द्या. शेंगदाणा खारीला. उडी शेवग्याला. काटकी चुलीला. राख माझ्या रोपाला. रोपाचं फूल गळलं. माझं चुकलं."

काकू म्हणाल्या, "ठकू रडतेय सकाळपासून. शेंग सोलायला हात कुठे मोकळा आहे, बाबा? आधी तिचं हसू आण, मग शेंगदाणा देईन."

ठकू रडत होती. भ्यॅं भ्यॅं, भ्यॅं भ्यॅं.

"ठकूबाई, ठकूबाई, हसू दे. हसू काकूंना. शेंगदाणा खारीला. उडी शेवग्याला. काटकी चुलीला. राख माझ्या रोपाला. रोपाचं फूल गळलं. माझं..."

ठकूने बोट केलं रोपाकडे. "फू," ती म्हणाली. "फू नाई."

चिंगूळला आता कळलं. ठकू रोज सकाळी ते जांभळं फूल बघायची. आज फूल नव्हतं, म्हणून ती रडत होती.

चिंगूळला आणखीच वाईट वाटलं. ते हळूच म्हणालं, "ठकू, ते फूल माझ्यामुळे गळलं. मी रोपाला विचारलंच नाही."

ठकूने रडणं थांबवलं. खाली वाकली. एक बोट पुढे केलं आणि चिंगूळच्या पाठीवर अलगद ठेवलं. चिंगूळला गुदगुल्या झाल्या. वळवळ वळवळ, वळवळ वळवळ.

ठकू हसली. खुदुखुदु.

हसू मिळालं काकूंना. काकूंनी शेंगदाणा दिला. शेंगदाणा मिळाला खारीला. कुटुर कुटुर. खारीने उडी दिली. टुणुक. उडी मिळाली शेवग्याला. शेवग्याने काटकी दिली. कट्. काटकी मिळाली चुलीला. चूल पेटली धगधग, विझली फुस्स. चुलीने राख दिली.

काकूंनी राख गार होऊ दिली. मग रोपाच्या मुळाशी टाकली. फार नाही, चिमूटभर. वर तांब्याभर पाणी. गुडुगुडु.

गळलेलं फूल काही परत आलं नाही. चिंगूळने ते हळूहळू मातीत ओढून नेलं. वर मातीचं पांघरूण घातलं. त्या दिवशी त्याने चोथा खाल्ला नाही.

मग आली एक कळी. कळीचं झालं फूल. जांभळं, नाजूक. चिंगूळ रोज घाबरत वर बघायचं. फूल गळलं नाही. फुलाचं झालं वांगं, हिरवी टोपी घातलेलं. ठकू म्हणाली, "फू टोपी."

रोपाने एक पिकलं पान खाली टाकलं. "हे तुला," ते म्हणालं. चिंगूळने पोटभर खाल्लं.

काकू अजून परसात चोथा टाकतात. पण चिंगूळ आता आधी रोपाला विचारतं, "आज तुला काय हवं?"

कधी रोप म्हणतं, चोथा. कधी म्हणतं, राख. आणि कधी म्हणतं, "आज काही नको. तू नुसतं जवळ बस."

मग चिंगूळ जवळ बसतं.