दाराबाहेरचं बोचकं

एकदा काय झालं, दूर अमेरिकेत, इरोक्वा लोकांच्या मुलखात झाडाच्या सालींचं एक घर होतं. या टोकाला शिंकलं तर त्या टोकाला ऐकू येऊ नये, इतकं लांब. घराची मालकीण करोन्या. तिथे लेक सासरी जात नाही बरं का, जावईच सासूकडे नांदायला येतो! हसू नका. आणि सासूला तो नकोसा झाला, की ती त्याचं बोचकं दाराबाहेर ठेवते. मग मुकाट्यानं आपल्या आईकडे चालतं व्हायचं.

त्या वर्षी अख्खं गाव जुनी जमीन सोडून नव्या जागी आलं होतं. करोन्यानं मक्याच्या कणसांची वेणी आढ्याला टांगली. तेच पुढच्या पेरणीचं बियाणं. तिचा सगळा जीव त्या वेणीत.

एक दिवस बघते, तर एक कणीस गायब! जावई ओक्वारी त्याच दिवशी शिकारीला गेला आणि हात हलवत परत आला. करोन्याच्या मनात पाल चुकचुकली.

मग दुसरं कणीस गेलं. जावयाच्या जोड्यांना तांबडी माती. इथली माती तर काळी!

"कुठं गेला होतास रे?"

"इथंच, आई," म्हणाला आणि मान खाली घातली.

मग काय! तो हसला तरी संशय, गप्प बसला तरी संशय. वाडगाभर जास्त लापशी घेतली तरी संशय.

मग तिसरं कणीस गेलं. करोन्या तरातरा उठली. लेक ओत्सित्सा रडत विनवत होती, "आई, तो चोर नाही गं!" पण ऐकतंय कोण? बोचकं उचललं आणि दाराबाहेर आपटलं. गाठ सुटली. आतून गडगडत आली तीन कणसं!

"सापडला चोर!" करोन्या ओरडली, तसं सगळं गाव गोळा झालं.

"चोर कुणाला म्हणतेस?" कणीसच बोललं की! "आम्हीच उतरून जुन्या गावच्या तांबड्या शेतात गेलो. आमच्या बहिणी तिथंच राहिल्या ना! हा बिचारा आमच्यामागं आला, म्हणून त्यांना आणता आलं."

बोचक्यात घेवड्याचं आणि भोपळ्याचं बी होतं. मका, घेवडा, भोपळा, या तिघी सख्ख्या बहिणी. एकत्र पेरल्याशिवाय एकही धड वाढत नाही. आणि निघायच्या घाईत दोघींना विसरलं कोण? करोन्याच!

"मग बोलला का नाहीस रे?"

"घराची मालकीणच बियाणं विसरली, असं गाव म्हणालं असतं. गुपचूप तुमच्या टोपलीत ठेवणार होतो."

करोन्याला फार फार लाज वाटली. सगळ्या गावादेखत ती वाकली, एकेक बी वेचलं, बोचकं बांधलं, स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि आत नेऊन ठेवलं. बाहेर गेलेलं बोचकं सासूनं परत आणलेलं त्या गावानं कधी पाहिलं नव्हतं.

मग तिघी बहिणी एकाच आळ्यात वाढल्या, आणि त्या लांब घरात सगळे पोटभर जेवले. आता माझ्याकडे असं संशयानं बघू नका, कणसं बोलतात म्हणजे बोलतात! मिटा बघू डोळे.