चौथं चित्र

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या राज्यात ती घडली त्याचं नाव सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही. लहानांनी ती ऐकावी आणि मोठ्यांनी तर नक्कीच ऐकावी, कारण यातली चूक मोठ्यांचीच आहे.

त्या राज्यात एक रीत होती. बाळाचं बारसं झालं की संध्याकाळी चितारी येई आणि पाळण्यासमोर चार चित्रं एकामागून एक उलगडून दाखवी. कापडावर रंगवलेली ती चित्रं होती माणसाच्या आयुष्याची, पण दिसायला सगळी रानावनाची. पहिल्यात झऱ्याकाठचं ओलं कुरण आणि कोवळं ऊन. दुसऱ्यात भर दुपारचा घाट, चढण, दोन्ही अंगांना फुललेला पळस. तिसऱ्यात पठारावर पिकलेला जोंधळा आणि कलता दिवस. चौथ्यात दिवेलागणीची वेळ, पानं गळलेलं झाड आणि धुक्यात उतरत जाणारी वाट.

चारही चित्रांतून एकच वाट जाई. पहिल्या तिन्हींत तिच्यावर एकच माणूस दिसे, बोटाच्या पेराएवढा. चौथ्यात मात्र दोघं असत. गावाच्या वेशीवर दगडावर बसलेले, एकाचा हात दुसऱ्याच्या हातात. ते दाखवताना चितारी म्हणे, "पाहुणा निघाला की त्याला वेशीपर्यंत पोचवावं. अडवू नये, घाईही करू नये. नुसतं सोबत बसावं." मग गूळखोबरं वाटलं जाई आणि मंडळी आपापल्या घरी जात. गावातली पोरं दर बारशाला हे बघत. जांभया देत, एकमेकांना चिमटे काढत, पण बघत.

एका गावच्या चिताऱ्याचा हात फार चांगला होता आणि मन फार हळवं. कुणाच्या डोळ्यांत पाणी दिसलं की हा विरघळलाच. एकदा तो अशा घरी गेला, जिथे आधीची दोन बाळं वर्षाच्या आतच गेली होती. तिसऱ्यावर मरणाची नजर पडू नये म्हणून आईने त्याचं नाव धोंडू ठेवलं. धोंड्याकडे कोण कशाला बघेल, असा त्या बिचारीचा विचार. तीन चित्रं दाखवून झाली. चिताऱ्याने चौथ्याची दोरी सोडायला घेतली, तशी ती उठली आणि तिने त्याचं मनगट धरलं.

"दादा, तेवढं एक राहू द्या. दोनदा बघितलंय मी ते. या घरात परत नको."

चिताऱ्याने चित्र गुंडाळून ठेवलं. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, आणि तुम्हीही.

घरी आल्यावर त्याने बायकोला सांगितलं. चिंचोक्याची खळ लावून त्याची कापडं तयार करणारी तीच. ती काम करता करता थांबली. म्हणाली, "अहो, ते चित्र बाळासाठी नसतंच. भोवती बसलेल्यांसाठी असतं. एका घरात झाकलं, आता सगळीकडे झाकावं लागेल."

आणि झालंही तसंच. पुढच्या बारशाला आजीबाई म्हणाल्या, धोंडूच्या आईला सवलत, मग आमच्या नातवाने काय घोडं मारलंय? त्याच्या पुढच्या घरी तर कुणी विचारलंही नाही, आधीच सांगून ठेवलं. तीन चित्रं बघून लोक हसत घरी जाऊ लागले. चिताऱ्याचं कौतुक वाढलं, त्याला मिळणाऱ्या लाडवांचा आकारही वाढला, आणि त्याला ते गोड लागलं. चौथं चित्र माळ्यावर जाऊन पडलं. या माणसाचा मला राग येतो, पण पुरता राग येत नाही, कारण त्याने जे केलं ते मायेपोटी केलं.

वर्षं गेली. तीनच चित्रं बघितलेली पोरं मोठी झाली, घरं चालवू लागली. चांगलीच होती ती. पण घरातलं म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की त्यांना काय करावं ते कळेना. "काही होत नाही तुम्हाला," असं म्हणून ती अंगणात निघून जात आणि काहीतरी कामाला लागत.

धोंडूही मोठा झाला. आईवर त्याचा भारी जीव. ती आजारी पडली, तसं त्याने सगळं राज्य पालथं घातलं. आज या गावचा वैद्य, उद्या त्या गावचा. मुळ्या आणल्या, भस्मं आणली, औषधांनी कोनाडे भरले. आईच्या खोलीत मात्र तो टिकत नसे. ती त्याच्याकडे बघू लागली की तो उठून उभा राही. लगेच तो म्हणे, डोंगरापलीकडे एक मोठा वैद्य आहे म्हणतात, त्यालाच घेऊन येतो. आणि निघे.

एके दिवशी दुपारी आईने चिताऱ्याकडे निरोप धाडला. चौथं चित्र घेऊन या, म्हणाली. चितारी आता म्हातारा झाला होता. तो धडपडत माळ्यावर चढला आणि त्याने गुंडाळी उलगडली. इतक्या वर्षांत तिला वारा लागला नव्हता. कसरीने कापड खाऊन टाकलं होतं, हात लावताच त्याचे तुकडे झाले. तो रिकाम्या हातांनी तिच्या घरी गेला.

घरात कुणी नव्हतं. धोंडू सकाळीच डोंगरापलीकडे गेला होता. चितारी तिच्या उशाशी बसला आणि चित्र उरलं नाही, हे त्याने खाली मानेने सांगितलं.

ती त्याच्याकडे वळली. मग म्हणाली, "मला नको होतं, दादा. माझ्या धोंडूला दाखवायचं होतं. तो धावतोय नुसता. त्याला बस म्हटलं तर त्याला वाटतं, मी हार मानली. आणि ते दाखवू नका म्हणून तुमचा हात मीच धरला होता."

चिताऱ्याने तिचा हात हातात घेतला. पण तो हात तिच्या लेकाचा नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं. तिचे डोळे दाराकडे लागले होते. उन्हं कलली आणि दाराकडे बघत बघतच ती गेली.

धोंडू आला तो घामाने निथळत. मागे वैद्य होता, हातात औषधाची पुडी होती. त्याने आईकडे बघितलं, मग चिताऱ्याकडे.

"काका, काही म्हणाली का ती?"

"तू जवळ बसावंस, एवढंच तिला हवं होतं."

धोंडू उंबऱ्यातच खाली बसला. पुडी हातातच राहिली. "नुसतं बसायचं होतं?" तो म्हणाला. "मला येत होतं ते. मला कुणी सांगितलंच नाही, काका."

चिताऱ्याने चौथं चित्र पुन्हा रंगवलं. काही घरांनी ते उलगडू दिलं, बऱ्याच घरांनी दारातूनच नको म्हटलं. पुढे एका बारशाला धोंडूही आला होता. मंडळी उठून गेल्यावरही तो त्या चित्रासमोर बसून राहिला. त्याला ते आता नीट समजलं होतं. पण ज्या एका माणसासाठी ते त्याला समजायला हवं होतं, ते माणूस दाराकडे बघत बघत निघून गेलं होतं.

लेकरांपासून मरण लपवलं म्हणून मरण टळत नाही. फक्त ते येतं तेव्हा आपला हात धरायला लेकरू जवळ नसतं.