टिमकी आणि ढब्बूचं जाड पुस्तक

माळावर एक बोरीचं झाड होतं. झाडाखाली एक बीळ होतं. बिळात एक उंदरी होती, तिचं नाव टिमकी. टिमकी एवढीशी, शेपटी मात्र एवढी लांब.

टिमकीला एक भाऊ होता. त्याचं नाव ढब्बू. ढब्बू टिमकीहूनही लहान. पण रडायचा केवढा तरी.

ढब्बूला दात येत होते. हिरड्या शिवशिवत होत्या.
सकाळी चीं चीं चीं.
दुपारी चीं चीं चीं.
आईनं मांडीवर घेतलं, तरी चीं चीं. आईनं झोका दिला, तरी चीं चीं.

ढब्बू गप्प बसायचा एकाच गोष्टीनं. एक जाड पुस्तक होतं. जाड पुठ्ठ्याचं, गोल कोपऱ्यांचं. एका पानावर एकच चित्र. पहिल्या पानावर पिवळा आंबा. दुसऱ्या पानावर लाल चेंडू. तिसऱ्या पानावर हसरं बाळ.

टिमकी म्हणायची, "आंबा."
ढब्बू म्हणायचा, "बा."
टिमकी म्हणायची, "चेंडू."
ढब्बू म्हणायचा, "बा."
मग ढब्बू पुस्तकाचा कोपरा तोंडात घालायचा. चुबुक चुबुक, चुबुक चुबुक. रडणं बंद.

पुस्तक होतं कासवकाकांचं. कासवकाकांच्या पाठीवर पुस्तकांची पेटी. दर बुधवारी ते माळावर यायचे. जुनं पुस्तक पेटीत ठेवायचं, दुसरं घेऊन जायचं, असा त्यांचा नेम.

बुधवार आला. टिमकीनं जाड पुस्तक पेटीत ठेवलं. तिला दुसरं नकोच होतं. तेच हवं होतं. तेच, तेच आणि तेच.

पण माळावरच्या सगळ्या आया धावत आल्या. सगळे बाबा धावत आले. कुणी हे ओढलं, कुणी ते ओढलं. बाळांना काय हवं, ते कुणी विचारलंच नाही. टिमकी गर्दीत मागं गेली, मागं गेली, पार मागं गेली.

शेळीबाईनं जाड पुस्तक उचललं. "जाड पुस्तक चांगलं," शेळीबाई म्हणाली. "आमचं करडू लवकर शहाणं होईल."

आणि शेळीबाई गेलीसुद्धा.

पेटीत उरलं एकच पुस्तक. मोठं. पाटाएवढं मोठं.

"टिमके, एवढंच उरलंय गं," कासवकाका म्हणाले. "हे ने. पुढच्या बुधवारी बघू."

टिमकीनं मोठं पुस्तक डोक्यावर घेतलं. पाय चालले तुरुतुरु, पुस्तक हललं डुगडुग.
तुरुतुरु डुगडुग, तुरुतुरु डुगडुग. टिमकी घरी आली.

मोठं पुस्तक बिळात जाईना. आडवं करून जाईना, उभं करून जाईना. टिमकीनं ते दारातच उघडलं. धपाक्! पान पडलं. ढब्बू दचकला.
आणि मग काय? चीं चीं चीं, चीं चीं चीं.

"आई, ढब्बूचं पुस्तक गेलं," टिमकी म्हणाली. तिला फार म्हणजे फार वाईट वाटलं.

आई दमली होती. आईचे डोळे मिटत होते. "आता बुधवारपर्यंत हा असाच रडणार गं," आई म्हणाली.

"मी आणते त्याचं पुस्तक," टिमकी म्हणाली.

मोठं पुस्तक दारात ठेवलं, तर आईनं बाहेर कसं यायचं? म्हणून टिमकीनं ते पुन्हा डोक्यावर घेतलं.

तुरुतुरु डुगडुग, तुरुतुरु डुगडुग. टिमकी करडाकडे गेली.

करडू काय करत होतं? जाड पुस्तकावर उभं राहून उड्या मारत होतं. टण् टण् टण्.

"करडोबा, करडोबा, जाड पुस्तक दे.
जाड पुस्तक ढब्बूला.
ढब्बू रडायचा थांबेल."

"बें," करडू म्हणालं. "पुठ्ठा फार कडक. मला हवं कापडी पुस्तक. मऊ मऊ, चावायचं, चोखायचं. कापडी पुस्तक आण, मग जाड पुस्तक देईन. आधी नाही."

"कापडी पुस्तक कुणाकडे?"

"कोंबडीच्या पिल्लाकडे."

तुरुतुरु डुगडुग, तुरुतुरु डुगडुग. टिमकी पिल्लाकडे गेली.

पिल्लू काय करत होतं? कापडी पुस्तकाला टोच मारत होतं. टोच मारली की चोच अडके. चोच ओढली की दोरा निघे. टुच् टुच्, सुर्र. टुच् टुच्, सुर्र.

"पिल्लोबा, पिल्लोबा, कापडी पुस्तक दे.
कापडी पुस्तक करडाला.
जाड पुस्तक ढब्बूला.
ढब्बू रडायचा थांबेल."

"पियूं," पिल्लू म्हणालं. "आई म्हणाली, हे धुता येतं. मी काय धोबी आहे? मला हवं खिडक्यांचं पुस्तक. टोच मारली की खिडकी उघडते, आत किडा दिसतो. खिडक्यांचं पुस्तक आण, मग कापडी पुस्तक देईन. आधी नाही."

"खिडक्यांचं पुस्तक कुणाकडे?"

"छोट्या सशाकडे."

तुरुतुरु डुगडुग, तुरुतुरु डुगडुग. टिमकी सशाकडे गेली.

ससा काय करत होता? काही नाही. पुस्तकाकडे नुसता बघत होता. खिडक्या फाटतील म्हणून सशाच्या बाबांनी पुस्तक सुतळीनं बांधून ठेवलं होतं. एक गाठ, दोन गाठी, तीन गाठी.

"ससोबा, ससोबा, खिडक्यांचं पुस्तक दे.
खिडक्यांचं पुस्तक पिल्लाला.
कापडी पुस्तक करडाला.
जाड पुस्तक ढब्बूला.
ढब्बू रडायचा थांबेल."

"हूं," ससा म्हणाला. "माझे कान बघ केवढे. मला हवं आवाजांचं पुस्तक. इथं दाबलं की पों, तिथं दाबलं की ढम्. आवाजांचं पुस्तक आण, मग खिडक्यांचं पुस्तक देईन. आधी नाही."

"आवाजांचं पुस्तक कुणाकडे?"

"ऐकू येत नाही का? माकडाच्या पोराकडे."

ऐकू येत होतं. लांबून येत होतं. पों! ढम्! पों पों! ढम् ढम्!

तुरुतुरु डुगडुग, तुरुतुरु डुगडुग. टिमकी माकडाकडे गेली.

माकड चिंचेच्या झाडावर बसलं होतं. पुस्तक पायाखाली, बोटं कानात. माकडाची आई तर चार फांद्या वर जाऊन बसली होती.

"माकडोबा, माकडोबा, आवाजांचं पुस्तक दे.
आवाजांचं पुस्तक सशाला.
खिडक्यांचं पुस्तक पिल्लाला.
कापडी पुस्तक करडाला.
जाड पुस्तक ढब्बूला.
ढब्बू रडायचा थांबेल."

"हूप," माकड म्हणालं. "पों पों ऐकून डोकं दुखलं. मला हवं आरशाचं पुस्तक. मी तोंड वेंगाडलं की आतलं माकडही तोंड वेंगाडतं. आरशाचं पुस्तक आण, मग आवाजांचं पुस्तक देईन. आधी नाही."

"आरशाचं पुस्तक कुणाकडे?"

"म्हशीच्या रेडकाकडे."

टिमकीचे पाय दुखायला लागले. मान दुखायला लागली. ती खाली बसली. पण वाऱ्यावर आवाज आला, चीं चीं चीं. तो ढब्बूचा आवाज होता. टिमकी उठलीच.

तुरुतुरु डुगडुग, तुरुतुरु डुगडुग. टिमकी रेडकाकडे गेली.

रेडकू डबक्याच्या काठावर बसलं होतं. समोर आरशाचं पुस्तक. आरसा एवढासा, रेडकू एवढं थोरलं. आरशात काय दिसे? नुसती एक नाकपुडी.

"रेडकोबा, रेडकोबा, आरशाचं पुस्तक दे.
आरशाचं पुस्तक माकडाला.
आवाजांचं पुस्तक सशाला.
खिडक्यांचं पुस्तक पिल्लाला.
कापडी पुस्तक करडाला.
जाड पुस्तक ढब्बूला.
ढब्बू रडायचा थांबेल."

"ओंय," रेडकू म्हणालं. "नाकपुडी बघून कंटाळलो बाई. मला हवं मोठं पुस्तक. पाटाएवढं मोठं. मोठं पुस्तक आण, मग आरशाचं पुस्तक देईन. आधी नाही."

"मोठं पुस्तक कुणाकडे?"

"ते मला काय माहीत?"

टिमकीनं दगडामागं पाहिलं. मोठं पुस्तक नाही. झुडपाखाली पाहिलं. मोठं पुस्तक नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं चालून आले, आता मोठं पुस्तक कुठून आणू?

तुम्हाला माहीत आहे ना, कुठं आहे ते? शू, सांगू नका तिला.

टिमकीनं डबक्यात वाकून पाहिलं. पाण्यात एक उंदरी होती. उंदरीच्या डोक्यावर एक पुस्तक होतं. मोठं. पाटाएवढं मोठं.

"अगं बाई," टिमकी म्हणाली. "हे तर माझ्याच डोक्यावर!"

धपाक्! मोठं पुस्तक रेडकासमोर उघडलं. रेडकू दचकलं नाही. रेडकू हसलं. अख्ख्या पानावर एक हत्ती, आणि हत्ती दिसला सगळा. सोंड दिसली, पाय दिसले, शेपूटसुद्धा दिसली. "ओंय ओंय," रेडकू म्हणालं. "घे बाई, घे तुझं आरशाचं पुस्तक."

आता काय विचारता? टिमकीचं डोकं हलकं, पाय हलके. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु!

मोठं पुस्तक रेडकाला.

आरशाचं पुस्तक माकडाला. माकडानं तोंड वेंगाडलं. आतल्या माकडानं तोंड वेंगाडलं. हूप हूप हूप! तुरुतुरु तुरुतुरु.

आवाजांचं पुस्तक सशाला. सशानं दाबलं, पों. सशाचा एक कान उभा. पुन्हा दाबलं, ढम्. दुसरा कान उभा. तुरुतुरु तुरुतुरु.

सुतळी? ती टिमकीनं दातांनी तोडली. कट्, कट्, कट्. उंदरीला गाठींचं काय भय?

खिडक्यांचं पुस्तक पिल्लाला. टोच, खिडकी उघडली. आत किडा. टोच, खिडकी उघडली. आत आणखी एक किडा. तुरुतुरु तुरुतुरु.

कापडी पुस्तक करडाला. करडानं अर्धं पुस्तक तोंडात घातलं. "बें," करडू म्हणालं, पण ते नीट ऐकू आलं नाही, कारण तोंड भरलेलं होतं.

शेळीबाई बघतच राहिली. "म्हणजे शहाणं व्हायचं नाही का आमच्या करडानं?" शेळीबाई म्हणाली.

"होईल की, शेळीमावशी," टिमकी म्हणाली. "आधी चघळू दे त्याला."

आणि जाड पुस्तक? जाड पुस्तक टिमकीच्या डोक्यावर. तुरुतुरु तुरुतुरु, टिमकी घरी आली.

चीं चीं चीं, ढब्बू रडत होता.

"ढब्बू, बघ काय आणलंय. आंबा."

ढब्बू थांबला. ढब्बूनं पाहिलं.

"बा," ढब्बू म्हणाला.

"चेंडू."

"बा."

मग ढब्बूनं कोपरा तोंडात घातला. चुबुक चुबुक, चुबुक चुबुक, चुबुक चुबुक, कुट्ट.

कुट्ट? हे काय वाजलं?

आईनं ढब्बूचं तोंड उघडलं. खालच्या हिरडीवर एक पांढरा ठिपका होता. तांदळाच्या कणीएवढा. ढब्बूचा पहिला दात!

आई हसली. टिमकी नाचली. ढब्बू रडायचा थांबला. आणि आई? आईला बसल्या बसल्या झोप लागली, अगदी गाढ.

पुन्हा बुधवार आला. टिमकी जाड पुस्तक घेऊन निघाली. बरोबर आई, आईच्या पाठीवर ढब्बू. टिमकी मनातून घाबरली होती. पुस्तकाच्या कोपऱ्यावर दाताची खूण होती. एवढीशी, पण होती.

कासवकाकांनी चष्मा लावला. कोपरा पाहिला. पुन्हा पाहिला.  

"हे कुणी केलं?" कासवकाकांनी विचारलं.

"ढब्बूनं," टिमकी हळूच म्हणाली. "त्याचा पहिला दात आहे तो."

"असं होय," कासवकाका म्हणाले. "मग या पुस्तकावर ढब्बूनं आपलं नाव घातलंय. आता हे पुस्तक पेटीत कशाला? हे ढब्बूचं. कायमचं."

ढब्बूनं दोन्ही हात पुढं केले. "बा," ढब्बू म्हणाला.

"आणि टिमके, हे आणलंस तरी कसं?" कासवकाकांनी विचारलं.

टिमकीनं शेपटी ताठ केली आणि सगळ्या माळाला ऐकू जाईल असं सांगितलं,

"मोठं पुस्तक रेडकाला.
आरशाचं पुस्तक माकडाला.
आवाजांचं पुस्तक सशाला.
खिडक्यांचं पुस्तक पिल्लाला.
कापडी पुस्तक करडाला.
जाड पुस्तक ढब्बूला.
ढब्बू रडायचा थांबला."

कासवकाका खूप वेळ हसले. मग त्यांनी पेटी उघडली आणि सगळी पुस्तकं खाली गवतावर मांडली.

"आज आया मागं, बाबा मागं," कासवकाका म्हणाले. "बाळं पुढं. ज्याला जे हवं, ते त्यानं घ्यावं. आणि तेच पुन्हा हवं असेल, तर तेच पुन्हा घ्यावं."

बाळं निघाली. कुणी रांगत, कुणी लोळत, कुणी उड्या मारत. कुणी पुस्तक उघडलं, कुणी चाटलं, कुणी डोक्यावर घेतलं. शेळीबाई, कोंबडीबाई, सशाचे बाबा, सगळे मागं ओळीनं बसले. कुणी हे ओढलं नाही, कुणी ते ओढलं नाही.

आणि टिमकी कुठं होती? टिमकी रिकाम्या पेटीवर बसली होती, सगळ्यांत उंच. मांडीवर ढब्बू. ढब्बूच्या मांडीवर जाड पुस्तक.

"आंबा," टिमकी म्हणाली.

"आं-बा," ढब्बू म्हणाला.

गोष्ट गेली कानात, दाताची खूण पानात.